डास एक, भावंडे पाच!

दिसायला अगदी सारखे. पण एक मलेरिया देणारा, तर दुसरा जवळजवळ निरुपद्रवी! अशा डासांना ओळखायचे कसे? भिंग, गुणसूत्रे आणि डीएनए यांच्या मदतीने उकललेल्या एका कोड्याची ही कहाणी.

२०१८ चा पावसाळा भिलाईकर सहजासहजी विसरणार नाहीत. पोलादाच्या या शहरात त्या वर्षी डेंग्यूची मोठी साथ आली. खुर्सीपारसारख्या दाट वस्तीत तापाचे रुग्ण घरोघरी दिसू लागले. दवाखाने भरून गेले. कित्येकांचे प्राण गेले आणि त्यांत लहान मुलेही होती. पोलाद कारखान्यातील नोकरीसाठी विदर्भातून येऊन इथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ते दिवस धास्तीतच काढले.

त्या धावपळीत एक प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. रोग पसरवणारा डास कोणता? कारण एडिस इजिप्ती हा डास ओळखायला सोपा. रंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर पांढऱ्या रेघांची वीणेसारखी नक्षी. त्याचा जवळचा नातेवाईक एडिस अल्बोपिक्टस. त्याच्या पाठीवर नक्षी नसते, मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असते. साध्या भिंगातून हा फरक शाळकरी मुलालाही दाखवता येईल.

आणि डास ओळखला की त्याचा पत्ताही कळतो. एडिस इजिप्ती हा माणसाच्या घराला सोकावलेला डास. कूलरची टाकी, उघडे पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे जुने टायर ही त्याची प्रसूतिगृहे. तो चावतो तेही बहुतेक दिवसा. म्हणजे नाव कळले, की कुठे शोधायचे आणि काय करायचे हेही कळले.

पण प्रत्येक डास इतका सरळ नसतो!

लोहखनिजाच्या वाटेवर

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज आले ते दक्षिणेकडच्या दल्ली-राजहरा खाणींतून. भिलाईपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर या खाणी आहेत. तिथून पुढे रावघाटच्या डोंगरांच्या दिशेने रेल्वेमार्ग नेण्यात आला. म्हणजे पोलादाची वाट थेट बस्तरच्या जंगलात शिरते. साल, सागवान, झुळझुळणारे ओढे आणि ओढ्याकाठचे आदिवासी पाडे. देखावा मोठा रमणीय. पण मलेरियाचे हे जुने माहेरघर.

२०२० च्या प्रारंभी छत्तीसगड सरकारने ‘मलेरियामुक्त बस्तर’ मोहीम हाती घेतली. आरोग्य कर्मचारी घरोघर गेले. पहिल्याच फेरीत सुमारे चौदा लाख लोकांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी चौसष्ट हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडले, आणि यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तापही नव्हता!

रोग्याला औषध दिले, की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम डासाचे. इथला मलेरियावाहक म्हणजे अॅनॉफिलिस कुळातला डास. तो एडिससारखा ठळक नक्षी मिरवत नाही. त्यातून त्याच्या घरात जुळी, तिळी, एवढेच नव्हे तर पाच-पाच भावंडे आहेत!

गोठ्यातली शिकार

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात अॅनॉफिलिस कुळातल्या सुमारे साठ जाती आढळतात, आणि मलेरियाचे मुख्य वाहक त्यांतले जेमतेम सहा. बाकीचे डास चावतील, त्रास देतील. पण मलेरियाच्या दृष्टीने फारसे महत्त्वाचे नाहीत. म्हणून कोणत्याही गावात पहिले काम असते ते डास पकडून त्यांची जात ठरवण्याचे.

कीटक गोळा करणारा कर्मचारी भल्या पहाटे गोठ्यात आणि झोपडीत शिरतो. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात तोंडाने हवा ओढायची काचेची नळी. रात्री रक्त पिऊन भिंतीवर सुस्तावलेली मादी अलगद नळीत ओढून घ्यायची आणि परीक्षानळीत सोडून तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. प्रत्येक नळीवर गाव, तारीख आणि जागा लिहायची. गोठा की राहते घर, ही नोंद फार मोलाची. का, ते पुढे कळेल.

मग पाळी येते सूक्ष्मदर्शकाची. अॅनॉफिलिस बसतो तोच मुळी शेपूट वर करून, तिरका. त्याच्या पंखांवर काळे-पांढरे ठिपके असतात. तज्ज्ञ पंखांच्या शिरा, मिशांजवळच्या स्पर्शिकांवरचे पट्टे आणि पायांवरचे खवले पाहतात. बस्तरमध्ये महत्त्वाचे दोन डास म्हणजे अॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस आणि अॅनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिस. पहिल्याच्या पंखातली तिसरी शीर बहुतांशी काळी, दुसऱ्याची बहुतांशी फिकट. सराईत नजरेला एवढी खूण पुरते.

पण नजरेची धाव इथेच संपते. त्यापुढचे कोडे पहिल्यांदा सुटू लागले ते आपल्याकडे नव्हे, तर युरोपात.

निवृत्त निरीक्षकाची अंडी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले डॉक्टर एका गोष्टीने चक्रावून गेले होते. सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवून दिले होते, की मलेरियाचे जंतू अॅनॉफिलिसच्या पोटात वाढतात. मग जिथे हा डास, तिथे मलेरिया असायला हवा. पण युरोपातल्या कित्येक भागांत अॅनॉफिलिस मॅक्युलिपेनिस हा डास भरपूर असून मलेरियाचे नाव नव्हते! शेजारच्याच दुसऱ्या भागात तोच डास आणि घरोघरी हुडहुडी. असे का?

उत्तराचा धागा सापडला तो डोमेनिको फॅलेरोनी या इटालियन आरोग्य खात्यातल्या निवृत्त निरीक्षकाला. हौसेने डास पाळणाऱ्या या गृहस्थाने १९२६ मध्ये लक्षात आणून दिले, की या डासांच्या माद्या वेगवेगळ्या प्रकारची अंडी घालतात. कुणाची करडी, कुणाची पट्टेदार. आणि एका मादीची मुलगी आईसारखीच अंडी घालते. पुढे उलगडले, की ‘मॅक्युलिपेनिस’ हा एक डास नव्हताच. तो होता अनेक जातींचा समूह. त्यांतल्या काही जाती माणसाला चावत, तर काही गुरांवर समाधानी असत. पंख सारखे, पाय सारखे. फरक फक्त अंड्यांत!

दिसायला सारख्या, पण आपापसांत संकर न करणाऱ्या अशा जातींना शास्त्रज्ञ ‘भावंड-जाती’ म्हणतात.

क्युलिसिफेसिसचे कुटुंब

भारतातली गोष्ट आणखी गुंतागुंतीची. स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. डीडीटीच्या फवाऱ्याने कमाल केली. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एक लाखावर आली. मलेरिया गेलाच, असे वाटू लागले. पण १९७६ मध्ये तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला! एक कारण होते डासांनी डीडीटीला दाद न देणे. आणि या डासांत पुढे होता क्युलिसिफेसिस. देशातल्या निम्म्याहून अधिक मलेरियाचे खापर त्याच्याच माथी फोडले जाते.

पण इथेही युरोपसारखेच कोडे होते. पूर्व उत्तर प्रदेश आणि उत्तर बिहारमधल्या भागांत क्युलिसिफेसिस होता, तरी मलेरिया अगदी कमी. इतरत्र तोच डास साथी पसरवत होता.

१९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी मादीच्या बीजांडकोशातली गुणसूत्रे तपासली. मादीचे पोट अर्धे अंड्यांनी आणि अर्धे रक्ताने भरलेले असते, तेव्हा तिथल्या पेशींत ही गुणसूत्रे जाडजूड होतात. त्यांवर आडवे पट्टे दिसतात, साडीच्या काठावर असतात तसे. काही डासांत या पट्ट्यांचा एखादा तुकडा उलटा बसलेला होता. एकाच गावात सुलट पट्ट्यांचे डास होते आणि उलट पट्ट्यांचेही. त्यांचा आपसात संकर होत असता, तर एक पट्टा सुलट आणि एक उलट अशी मिश्र संतती दिसायला हवी होती. ती दिसेना. याचा अर्थ एकच. एकाच गोठ्यात शेजारी शेजारी बसणारे हे डास दोन वेगळ्या जातींचे होते. त्यांना नावे मिळाली ‘ए’ आणि ‘बी’.

मग दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत, डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी या कामाला लागले. १९८३ मध्ये ‘सी’ जात उजेडात आली, १९८८ मध्ये ‘डी’. आणि १९९९ मध्ये रामेश्वरम भागातल्या डासांतून ‘ई’ वेगळी काढली गेली. ‘बी’ आणि ‘ई’ यांची पट्ट्यांची मांडणी सारखीच. फरक नराच्या वाय गुणसूत्राच्या आकारात. इतका बारीक!

पण फरक बारीक म्हणून परिणाम लहान नव्हता. ‘ए’, ‘सी’, ‘डी’ आणि ‘ई’ या जाती मलेरियाच्या वाहक आहेत. ‘बी’ मात्र मलेरिया पसरवण्यात अगदीच कच्ची. उत्तर बिहारचे कोडे सुटले, कारण तिथे भरणा ‘बी’चा होता. श्रीलंकेचेही सुटले. १९३४-३५ च्या साथीत त्या बेटावर सुमारे ऐंशी हजार लोक मेले होते आणि तिथला वाहक क्युलिसिफेसिसच होता. पण बरीच वर्षे समज असा, की तिथे फक्त ‘बी’ आहे. मग निरुपद्रवी ‘बी’ने एवढा हाहाकार कसा केला? ‘ई’चा शोध लागल्यावर श्रीलंकेतही ती सापडली आणि खरा गुन्हेगार उघडा पडला.

भावंडांचे औषधाशी वागणेही निराळे. ‘ए’ जात डीडीटीला ‘बी’पेक्षा जास्त बळी पडते, असे आढळले. म्हणजे दोन्ही डास एकत्र मोजून ‘डीडीटी चालत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो एखाद्या भागात चुकीचाही ठरू शकतो.

एका तंगडीची साक्ष

गुणसूत्रांची तपासणी अचूक खरी, पण किचकट. मादी नेमक्या अवस्थेत हवी. नर चालत नाही. मेलेला, वाळलेला डास तर बिनकामाचा. शिवाय पट्टे वाचायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. इथे मदतीला आला डीएनए.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली पोथी. पिढ्यान् पिढ्या तिच्या नकला होतात आणि नकलेत चुका शिरतात. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत असेच पाठभेद शिरले होते आणि संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत तयार केली, हे आपण जाणतोच. पाठभेदांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली, हे अभ्यासक सांगू शकतात. दोन जातींचा संकर थांबला, की त्यांच्या ‘पोथ्या’ही वेगळ्या वाटेने जातात आणि प्रत्येकीत आपापले पाठभेद साठत जातात.

प्रयोगशाळेत डासाची एक तंगडी पुरते. तिच्यातून डीएनए काढायचा, ठरावीक ‘पानाच्या’ यंत्रात लक्षावधी नकला करायच्या आणि त्या विजेच्या प्रवाहाखाली एका पातळ लगद्यातून सरकू द्यायच्या. तुकडा जेवढा लहान, तेवढा तो पुढे पळतो. कोणता पट्टा कुठे थांबला, यावरून जात कळते. क्युलिसिफेसिसच्या भावंडांसाठी अशा चाचण्या भारतीय शास्त्रज्ञांनी २००४ ते २००६ च्या सुमारास तयार केल्या. मादी असो वा नर, ताजा असो वा वाळलेला; निकाल काही तासांत!

२००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी हीच कल्पना सर्व प्राण्यांसाठी मांडली. दुकानातल्या वस्तूवर जशा काळ्या रेघांची खूण असते, तसा एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा प्रत्येक जातीची खूण मानायचा. हा झाला ‘डीएनए बारकोड’. पुढच्याच वर्षी कोस्टारिकातल्या एका फुलपाखरावर त्याचा प्रयोग झाला. एकच समजले जाणारे ते फुलपाखरू दहा वेगवेगळ्या जातींचे निघाले. गंमत अशी, की त्यांच्या सुरवंटांचे रंग आणि खाण्याची झाडे वेगळी होती, हे निरीक्षकांनी आधीच टिपून ठेवले होते. डोळ्यांनी शंका घेतली आणि डीएनएने तिला दुजोरा दिला.

मग भिंग फेकून द्यायचे का?

मुळीच नाही! डीएनएची अक्षरे वाचता आली, तरी ती कोणाची हे ठरवायला नमुना लागतोच. म्हणून तंगडी काढून घेतल्यावर उरलेला डास टाचणीला लावून, चिठ्ठी जोडून जपून ठेवतात. पुढे शंका आली, तर तोच साक्षीदार. शिवाय काही जातींचे डीएनए इतके सारखे असतात, की एका जनुकावर भागत नाही. क्युलिसिफेसिसच्या बाबतीतही एक चाचणी ‘ए’ आणि ‘डी’ यांचा एक गट आणि ‘बी’, ‘सी’, ‘ई’ यांचा दुसरा गट एवढेच सांगते. पुढचे वेगळेपण शोधायला दुसरी चाचणी करावी लागते.

रोजच्या कामात तर पहिली चाळणी डोळ्यांचीच. गोठ्यातून आणलेल्या शेकडो डासांची डीएनए तपासणी करणे परवडणारे नाही. आधी भिंगाखाली जात ठरवायची, मग निवडक डासांची भावंडे डीएनएने वेगळी करायची, हाच व्यवहार्य मार्ग.

दोन्ही साक्षींचे मोल आफ्रिकेतही पटले. अॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा आपल्या शहरांतला, टाक्यांत वाढणारा मलेरियावाहक. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबूतीत सापडला आणि २०१६ मध्ये इथिओपियात. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या डासांची सवय असलेल्या लोकांना हा पाहुणा नवा होता. रूप आणि डीएनए दोन्ही तपासल्यावर त्याची खात्री पटली. आता मलेरिया आफ्रिकेच्या शहरांत शिरण्याची भीती शास्त्रज्ञांना वाटते.

फवारा गोठ्यात की घरात?

आता पुन्हा बस्तरकडे वळू. तिथला दुसरा डास फ्लुव्हिएटिलिस, संथ वाहणाऱ्या ओढ्यांत वाढणारा. १९९४ मध्ये सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी त्याचीही तीन भावंडे दाखवून दिली. त्यांना ‘एस’, ‘टी’ आणि ‘यू’ म्हणतात. ‘टी’ आणि ‘यू’ यांना गुरांचे रक्त प्रिय. त्यांचा मुक्काम गोठ्यात. ‘एस’ मात्र माणसाच्याच रक्ताला चटावलेली, जंगल-डोंगराच्या भागातली आणि विसाव्यालाही माणसाच्या घरातच थांबणारी. ओडिशाच्या डोंगराळ जंगलपट्ट्यात ती फार प्रभावी वाहक आहे.

कर्मचाऱ्याने नळीवर लिहिलेले ‘गोठा’ किंवा ‘घर’ हे शब्द इथे कामाला येतात. समजा, एका गावात फ्लुव्हिएटिलिसचे दोनशे डास सापडले. सगळे ‘टी’ असतील, तर मलेरियासाठी त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. पण त्यांतले वीसच ‘एस’ असतील, तर ते वीस बाकीच्या एकशे ऐंशींना भारी! अशा वेळी औषध मारायचे ते गोठ्यात नव्हे, झोपायच्या खोलीत. मच्छरदाण्या आधी पोचवायच्या त्याच पाड्यांवर. चुकीच्या डासावर फवारणी केली, तर पैसा जातो, वेळ जातो आणि त्या भागातल्या डासांना औषधाची सवय होते. ताप मात्र तसाच राहतो.

बस्तरला लागून असलेल्या महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातही हीच चिंता आहे. डास राज्याची सीमा मानत नाही. ओढा इकडून तिकडे वाहतो, मजूर इकडून तिकडे जातात. भिलाईच्या कारखान्यातून खाणीकडे जाणारा माणूसही याच वाटेचा प्रवासी.

आशेला जागा मात्र आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०१५ मध्ये देशात मलेरियाचे अकरा लाखांहून अधिक रुग्ण होते. २०२३ मध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. २०३० पर्यंत देश मलेरियामुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. पण शेवटचे रुग्ण शोधणे सर्वांत अवघड असते, आणि शेवटचे डासही. रुग्ण जसजसे कमी होतील, तसतसे नेमक्या गावातला नेमका डास ओळखण्याचे महत्त्व वाढत जाईल.

तोवर घरच्यांनी काय करावे? ओळख पटवण्याचे काम शास्त्रज्ञांवर सोपवू. आपल्या हाती जे आहे ते साधे आहे. आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून त्याच्या कडा खरखरीत फडक्याने घासाव्यात, कारण एडिसची अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतात. टाकीचे झाकण घट्ट लावावे. जंगलपट्ट्यात जाणाऱ्याने मच्छरदाणी सोबत ठेवावी आणि परतल्यावर ताप आला, तर लगेच रक्त तपासून घ्यावे.

आणि पहाटे दारात कुणी विजेरी आणि काचेची नळी घेऊन ‘डास पकडायला आलोय’ म्हणाला, तर हसू नये. त्याला गोठाही दाखवावा आणि झोपायची खोलीही. त्याच्या नळीतला डास कोणत्या भावंडाचा निघतो, यावर गावाच्या पुढच्या पावसाळ्याचे आरोग्य ठरणार असते.